ऊब पाठीला की पायाला

लीलाक्काचं चांगलं चाललेलं मला कधी बघवलं नाही. ती माझी मैत्रीण होती, ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसायची, डब्यातली शेंगदाण्याची चटणी अर्धी माझ्या झाकणात टाकायची, आणि तरीही बघवलं नाही. हेवा करायचा तर बायका दागिन्यांचा करतात, पोरांच्या मार्कांचा करतात. ते सगळं माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त होतं. ती मूलबाळ नसलेली विधवा, कोल्हापुरात भावाच्या घरी मागच्या खोलीत म्हाताऱ्या आईला घेऊन राहणारी. मी दोन मुलांची आई, कॉलनीत स्लॅबचा बंगला असलेली. तरी आमच्या दोघींत जळणारी मीच होते.

आम्ही टेलिफोन ऑफिसात ट्रंक बोर्डावर होतो. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, आणि दिवसभर लोकांचा आरडाओरडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ निघत होते आणि आमचं काम हळूहळू कमी होत चाललं होतं, पण ओरडणारे कमी झाले नव्हते. इचलकरंजीचा कुणीतरी सूतवाला ओरडायचा, "लवकर लावा, लई अर्जंट हाय." लीलाक्का शांतपणे विचारायची, "पावणं, कुठं लावू त्ये तरी सांगा." माणूस एकदम गार व्हायचा आणि नंबर सांगायचा.

"कुठं" हा तिचा आवडता शब्द होता. डोकं दुखतंय म्हटलं की, "कुठं? फुडं का मागं?" मन लागत नाही म्हटलं तरी, "कुठं लागंना? घरात का हितं?" ती सीमेकडच्या लिंगायत घरातली. घरात आईशी कानडी, बाहेर रांगडी मराठी. कोल्हापुरातल्या बायका बोलतात तशी स्वतःला "मी आलो, मी गेलो" म्हणायची. हातात नवऱ्याचं मोठ्या पट्ट्याचं घड्याळ घालायची आणि चपला टेबलाखाली सोडून ऑफिसभर अनवाणी हिंडायची. मला सुमी म्हणायची. माझ्या सासरी सगळे मला सुमनताई म्हणत, आणि का कोण जाणे, त्यापेक्षा ते सुमी मला बरं वाटायचं.

आमच्या खोलीत एसी होता. माणसांसाठी नव्हे, यंत्रांसाठी. त्याचा झोत नेमका माझ्या खुर्चीवर यायचा. मी बारा महिने शाल गुंडाळून बसायचे. लीलाक्का बदलून आमच्या खोलीत आली त्याच आठवड्यात तिनं विचारलं, "गार लागतंय व्हय?"

"लागतंय की."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? अंगाला."

"अंग लई मोठं हाय सुमे. कुठं त्ये सांग."

मी विचार करून सांगितलं, मानेला. ती उठली, शिपायाला हाताशी घेतलं आणि फायलींचं लोखंडी कपाट हातभर अलीकडे ओढलं. झोत बंद झाला. दुपारी साहेबांनी कपाट कुणी हलवलं म्हणून विचारलं, तर ही खुर्चीतूनच म्हणाली, "सुमीच्या मानंला लागत होतं." साहेब आपल्या खोलीकडे वळले. मी शाल घडी करून ठेवली, आणि घरी जाताना बसमध्ये मला रडू आलं. राग कसला आला होता ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते. इतकी वर्षं मी कुडकुडत बसले आणि हे कपाट मला दिसलं नाही, याचा राग होता. आणि तिला ते येताक्षणी दिसलं, याचा जास्त.

आमचा बंगला बांधला तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं. आमचे हे पाटबंधारे खात्यात. नकाशा त्यांनी काढला, सासऱ्यांनी बदलला. हॉलमध्ये संगमरवरी फरशी आली, कारण ह्यांच्या साहेबांकडे होती. थंडीत पहाटे उठून त्या फरशीवर पाऊल टाकलं की कळ थेट डोक्यात जायची. पाहुणे मात्र फरशीचं कौतुक करत, आणि मी चहा ठेवायला आत जाई.

लीलाक्काच्या वडिलांनी गगनबावड्याच्या अलीकडे कधीतरी जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. उताराचा, जांभा दगडाचा, कशाच्याच उपयोगाचा नाही असा. ती ज्याच्या घरी राहायची तो तिचा थोरला भाऊ महादेवअण्णा मुरगुडाकडे गुऱ्हाळ चालवायचा. त्याला तो तुकडा एका हॉटेलवाल्याला विकायचा होता. लीलाक्का म्हणाली, विकू नको, माझा वाटा म्हणून मला दे, मी तिथं घर बांधून अव्वाला घेऊन राहते. अव्वा म्हणजे त्यांची आई. वय ऐंशीच्या घरात, पाठीचं दुखणं, त्यात छाती नाजूक. जरा धूर लागला की खोकल्याची उबळ येई आणि थांबता थांबत नसे.

अण्णा आमच्या ऑफिसात येऊन सगळ्यांदेखत तिला बोलला. "बावड्याला पावसाळ्यात माणसाला बुरशी येती. भिताडावर न्हवं, माणसाला. म्हातारीला मारतीस काय?"

"न्हाय मारत. मागच्या खोलीत तरी कुठं ऊन येतंय?"

"मग आसं कर. एक पावसाळा अव्वाला घिऊन काढून दाखव. धडधाकट ऱ्हायली तर तुकडा तुझ्या नावावर करतो. आजारी पडली तर इकायचा, आनि तू गप मागच्या खोलीत ऱ्हायाचं. मरस्तवर."

"चालतंय की," लीलाक्का म्हणाली आणि पुढचा कॉल घेतला.

माझ्या मनात आलं, हिला नाही जमायचं. जमू नये असंही आलं. ती गेली तर शेजारची खुर्ची रिकामी होणार होती, आणि वर ती तिच्या मनासारख्या घरात राहणार होती. दोन्ही एकदम माझ्याच्यानं सोसलं नसतं.

दिवाळीनंतर घर सुरू झालं आणि गुढीपाडव्यापर्यंत उभं राहिलं. एवढंसं. एक खोली, एक स्वयंपाकाची जागा, एक न्हाणी आणि चारी बाजूंनी खोल पडवी. खाली जांभ्याचं जोतं, वर भाताचा पेंढा घालून तुडवलेल्या मातीच्या हातभर जाड भिंती. कौलांखाली बांबूचा माळा, त्यावर भाताच्या तुसाचा जाड थर आणि वरून मातीचं लिंपण. खिडक्या लहान आणि घट्ट बसणाऱ्या. पावसाळ्याआधी भिंतींना बाहेरून गवताच्या झड्या बांधायच्या, म्हणजे तिरपा पाऊस आत शिरत नाही. ती तिकडची रीतच आहे. मी उन्हाळ्यात बघायला गेले तेव्हा बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आत माठाजवळ बसल्यासारखं वाटत होतं. आमच्या स्लॅबखाली त्या दिवसांत पंखासुद्धा गरम वारा सोडत असे. मी चहा न घेताच उठले.

आता प्रश्न राहिला पावसाळ्यातल्या उबेचा. त्या उन्हाळ्यात ऑफिसात दुसरा विषय नव्हता. आमचे हेसुद्धा डबा द्यायच्या निमित्तानं येऊन सल्ला देऊन गेले, की विजेचा मोठा हिटर घ्या. लीलाक्का म्हणाली, "दाजी, बावड्याला पयला वारा सुटला की लाईट जाती, ती गणपतीला येती." कुणी म्हणालं कोळशाची शेगडी. "एवढं बंद घर केलंय. त्यात कोळसा पेटवून झोपलो तर सकाळी उठायचं कुणी?" गॅसचा हिटर घ्या म्हणणाऱ्याला तिनं विचारलं, गॅस जळताना वाफ सुटते ती कुठं जाणार, भिंतीवरच ना? चुलीचं तर नावच काढायचं नव्हतं. अव्वाची छाती.

शेवटी तिनं ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं. मी त्या दिवशी त्यांच्या मागच्या खोलीत बसले होते. तिनं अव्वाच्या कानाशी वाकून विचारलं, गार कुठं लागतं?

"बेन्नु," अव्वा म्हणाली. बेन्नु म्हणजे पाठ.

"बघ," लीलाक्का माझ्याकडे वळून म्हणाली. "मग अख्खं घर कशाला तापवायचं? पाठ तापवू की."

त्यातून तिला कट्टा सुचला. लहानपणी ती गुऱ्हाळावर वाढलेली. गुऱ्हाळाचं चुलवाण, म्हणजे रस आटवायच्या काहिलीखालची ती जमिनीतली मोठी चूल, आग विझल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत ऊब धरून असते. पोरं तिच्या मागच्या भिंतीला पाठ लावून झोपत. तसंच इथं करायचं. आग भिंतीपलीकडे न्हाणीत, धूर कट्ट्याच्या पोटातून विटांच्या बोळातून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर. कट्ट्यावर अव्वाचं अंथरूण.

जूनच्या सुरुवातीला वास्तुशांत झाली. आम्ही सगळे ऑफिसवाले गेलो. पाऊस धो धो कोसळत होता. चुलवाण घालणारा कारागीर अण्णाच्या गुऱ्हाळावरचाच होता आणि जळणही तिथलंच, उसाची वाळलेली चिपाडं, पोत्यांवर पोती. लीलाक्कानं नारळ फोडला आणि जाळ लावला.

जेवायला बसेपर्यंत घाम सुटला. भात वाढेपर्यंत बसवेना. बायकांनी पदर खोचले, बाप्यांनी सदऱ्याच्या गुंड्या काढल्या. आग विझवली तरी उपयोग नव्हता, कारण कट्टा तापला होता तो तापलाच होता, आणि त्या भिंती आतली ऊब बाहेर जाऊ देईनात. शेवटी पंगत ताटं घेऊन पडवीत आली आणि अव्वाला छत्री धरून बाहेर बसवलं. अण्णा हसून हसून बेजार झाला. "लीले, काहील आनू का? गूळ तरी पडंल."

मी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. इतकं चवदार जेवण मी फार दिवसांत जेवले नव्हते.

लीलाक्का मात्र सगळ्यांपेक्षा जास्त हसत होती. ओल्या पडवीत फतकल मारून ती म्हणाली, "आमी गुऱ्हाळाची मानसं. जाळ म्हटलं की डोळ्यापुढं काहीलच येती. ह्या एवढ्याशा घराला वाटीभर जाळ पुरं, मी घागरभर वतला." दुसऱ्या दिवशी कारागिराकडून चुलवाण उकरून काढलं. कट्टा तेवढा ठेवला.

मग वाटीभर जाळ कुठून आणायचा? तो तिच्या घरात रोजच पेटत होता, फक्त कुणी बघितला नव्हता. त्यांच्यात आंघोळ झाल्याशिवाय लिंगपूजा नाही आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. अव्वा तापानं फणफणली तरी हे चुकवत नसे. त्यामुळे न्हाणीत तांब्याचा बंब रोज पहाटे पेटायचाच. चार काटक्या, एखादी गोवरी, एवढ्यावर दोघींचं पाणी तापायचं आणि बाकीची धग वर निघून जायची. लीलाक्कानं चुलवाणाच्या जागी बंब बसवला आणि त्याच्या नळीला आडवा पाइप जोडून ती धग कट्ट्याच्या पोटात सोडली. अव्वाची आंघोळ, पूजा होईपर्यंत कट्टा कोमट व्हायचा आणि दिवेलागणीपर्यंत तसाच राहायचा. घरात धुराचा वाससुद्धा नाही.

पाइपचं माप घ्यायला आमचे हे स्वतः भर पावसात बावड्याला जाऊन आले. आल्यावर जेवताना म्हणाले, "लीलाबाईंचं डोकं म्हणजे काय सांगू तुला." माझ्या मोरीतला नळ तेव्हा वर्षभर गळत होता. मी आमटी वाढली आणि त्यांना तूप वाढायचं विसरले.

त्या पावसाळ्यात लीलाक्का रजा टाकून तिकडेच राहिली. श्रावणात एक दिवस अण्णा जीप घेऊन ऑफिसात आला. दोन आठवडे रस्ता बंद होता, वीज नव्हती, फोन नव्हता. म्हणाला, "आनाय निघालोय दोघींस्नी. लीली माझं ऐकायची न्हाय. तुमी मैत्रीण, तुमी चला." मी लगेच पर्स उचलली. बिचारी परत येणार, तिला जरा धीर द्यावा, असं मी साहेबांना सांगितलं. जीपमध्ये मी तिची खुर्ची कुठं सरकवायची, घडी करून ठेवलेली माझी शाल कुणाला द्यायची, असलं काहीबाही ठरवत बसले होते.

दार अव्वानंच उघडलं. मी तिला कधी धरल्याशिवाय उभी राहिलेली पाहिली नव्हती. आत लख्ख कोरडं होतं. बाहेर वारा झड्यांना झोडपत होता आणि आत तो ऐकूही येत नव्हता. कोपऱ्यात जळणाच्या काटक्या कट्ट्याला टेकून वाळत ठेवल्या होत्या. लीलाक्का खाली बसून तांदूळ निवडत होती. अव्वा सावकाश जाऊन कट्ट्यावर आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले.

"चल अव्वा, घरला," अण्णा म्हणाला.

अव्वानं डोळे न उघडता हात हलवला. मग कानडीत काहीतरी म्हणाली. अण्णाचं तोंड उतरलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

लीलाक्कानं सुपातला खडा काढून टाकला. "म्हनतीया, चाळीस वर्सं तुझ्या घरात ऱ्हायलो. पाठीचं कुनी इचारलं न्हाय."

अण्णानं ओली टोपी काढली, कट्ट्याच्या कडेला बसला आणि हळूच पाठ भिंतीला लावली. जरा वेळानं म्हणाला, "च्या टाक की गं." दसऱ्याला तुकडा तिच्या नावावर झाला. त्यानं शब्द पाळला, हे खरं. मीही तिथं चहा घेतला. कट्ट्यावर मात्र बसले नाही. बस म्हणून ती दोनदा म्हणाली, मी साडी ओली आहे म्हणून सांगितलं.

त्यानंतर लीलाक्का मला उणीदुणी काढायला काही ठेवतच नव्हती. ती काही वर्षं बावड्याहून एसटीनं ये-जा करत राहिली आणि आमचा बोर्ड कायमचा बंद झाला तेव्हा नोकरी सोडून तिकडेच गेली. अव्वा पुढे कितीतरी पावसाळे त्या कट्ट्यावर काढून एका सकाळी पूजा आटोपून आडवी झाली ती उठली नाही. आमच्याकडे मुलं पुण्याला गेली, खोल्या रिकाम्या झाल्या. ह्यांनी निवृत्त झाल्यावर विजेचा हिटर आणला आणि हॉलमध्ये टीव्हीसमोरच्या स्वतःच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवला. येईल त्या पाहुण्याला ते लीलाबाईंच्या कट्ट्याची गोष्ट सांगत. सांगताना पाइपचं माप आपण घेतलं होतं, हे कधी विसरत नसत.

मी तिच्याकडे शेवटची गेले ती गौरी-गणपती आटोपल्यावर, पाऊस अजून गेला नव्हता तेव्हा. तोवर सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते, पण तिच्या उतारावर रेंज नव्हती, म्हणून न सांगताच गेले. ती पार वाळली होती. तिचं काही ठीक नाही, एवढं बघता क्षणी कळत होतं. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होतं. मी विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, "व्हतंय कायबाय. तू बस."

या वेळी मी कट्ट्यावर बसले. ऊब हळूहळू वर आली. अंगात इतकं बरं वाटलं की मला तिचा भयंकर राग आला. मी पाय साडीत ओढून घेतले आणि माझ्या मुलांच्या फ्लॅटबद्दल बोलत राहिले. किती खोल्या, कितवा मजला, सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

मधेच तिनं विचारलं, "तुला गार लागतंय सुमे?"

"छे. मला कुठं?"

"त्येच इचारतोय. कुठं?"

"कुठंच नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे हिटर आहे आता."

तिनं पुन्हा विचारलं नाही. उठून न्हाणीत गेली, बराच वेळ तिकडे खुडबुडत होती. मला वाटलं चहाचं बघत असेल. एसटीची वेळ झाली तशी मी निघाले. तिनं माझ्या हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड दिलं. गरम होतं.

"काय आहे?"

"वीट हाय. बंबात तापवलिया. गाडीत चपला काढून पाय ठेव त्येच्यावर. आल्यापास्नं पाय पोटाशी घिऊन बसलीयास."

मी घेणार नाही म्हणणार होते. तेवढ्यात एसटीचा आवाज आला, म्हणून घेतली. गाडी वळणावर आली तेव्हा मागे वळून पाहिलं. ती पडवीत धुराड्याच्या कोमट अंगाला पाठ लावून, पाय लांब करून, पेरू खात बसली होती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिची ती पाठ, तो पेरू, ते एवढंसं घर, मला सगळ्याचा हेवा वाटला. त्या हिवाळ्यात ती गेली. अण्णाचा फोन आला, तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्या दिवशी गाडीत मी चपला काढल्या आणि पाय विटेवर ठेवले. कंडक्टर तिकिटाला आला, खाली बघून म्हणाला, "काय मावशी, बसल्याला पांडुरंग पयल्यांदाच बघतोय." डोंगर मागे पडले, भाताची खाचरं गेली, ऊस लागला. वीट काही निवेना.

घरी पोचले तेव्हाही ती कोमट होती. हे हिटरसमोर बातम्या बघत होते. फडक्यातून वीट निघाल्यावर त्यांनी विचारलं, "वीट कशाला आणलीस?"

"पायाला," मी म्हटलं.

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"तुझे पाय गार पडतात?"

लग्नाला तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. मी त्या संगमरवरी फरशीवर उभी होते. वीट घेऊन आत गेले, पायाशी ठेवून पांघरूण ओढलं, आणि ती पूर्ण निवेपर्यंत लीलाक्काचा हेवा करत पडून राहिले.